विश्लेषण : गाईच्या ढेकराचा हिशेब २० वर्षांचा की १०० वर्षांचा? ‘कार्बन समतुल्य’ आकड्यांमागे दडलंय काय?

भारतीय उपखंडातील एक दुभती गाय वर्षाला सुमारे ५८ किलो मिथेन हवेत सोडते. हवामान बदलाचा अभ्यास करणाऱ्या ‘आयपीसीसी’ या आंतरसरकारी समितीच्या मार्गदर्शक कोष्टकातील हा सरासरी आकडा आहे. पुढचा प्रश्न साधा वाटतो : हे ५८ किलो मिथेन म्हणजे किती कार्बन डायऑक्साइड? १०० वर्षांचा हिशेब धरला तर उत्तर येते साधारण १.६ टन. २० वर्षांचा धरला तर ४.६ टन. आणि ५०० वर्षांचा धरला तर जेमतेम ४२० किलो.

गाय तीच, गोठा तोच, ढेकरही तोच. आकडा मात्र अकरापट मागेपुढे होतो. डेन्मार्कमध्ये याच हिशेबावर जनावरांमागे कर लागणार आहे, न्यूझीलंडमध्ये त्यावरून निवडणुकीचे राजकारण होते आणि भारताने जागतिक मिथेन करारावर सही का केली नाही, याचे उत्तरही बऱ्याच अंशी इथेच सापडते.

‘जीडब्ल्यूपी’ म्हणजे नेमके काय?

ग्लोबल वॉर्मिंग पोटेन्शियल, म्हणजे तापमानवाढीची क्षमता. परदेशातून आलेल्या डॉलरचे रुपये करताना जसा विनिमय दर लागतो, तसा वेगवेगळ्या वायूंची बेरीज करताना हा दर लागतो. आज एक किलो मिथेन आणि एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला असे समजायचे. पुढच्या ठरावीक वर्षांत प्रत्येकाने एकूण किती उष्णता अडवून धरली ते मोजायचे आणि मिथेनच्या आकड्याला कार्बन डायऑक्साइडच्या आकड्याने भागायचे. जो गुणक येतो तो जीडब्ल्यूपी. बातम्यांमध्ये ‘इतके टन कार्बन समतुल्य उत्सर्जन’ असे वाचायला मिळते, ते याच गुणकाने गुणून आलेले असते.

आयपीसीसीच्या २०२१ च्या सहाव्या अहवालानुसार गाईगुरे, भातशेती, पाणथळ जागा अशा जैविक स्रोतांतून येणाऱ्या मिथेनचा गुणक २० वर्षांसाठी ७९.७, १०० वर्षांसाठी २७ आणि ५०० वर्षांसाठी ७.२ आहे. खनिज तेल, कोळसा आणि नैसर्गिक वायूच्या गळतीतून येणाऱ्या मिथेनचा १०० वर्षांचा गुणक थोडा जास्त, म्हणजे २९.८ आहे. रेणू दोन्हीकडे सारखाच. फरक एवढाच की मिथेन मोडला की त्याचा शेवटी कार्बन डायऑक्साइड होतो. गाईच्या बाबतीत तो कार्बन काही महिन्यांपूर्वी चाऱ्याने हवेतूनच घेतलेला असतो. खाणीतून आलेला कार्बन मात्र कोट्यवधी वर्षे जमिनीखाली होता, म्हणजे हवेच्या दृष्टीने तो नवा पाहुणा. या नव्या कार्बनचा हिशेब वेगळा जोडला जातो.

वर्षे बदलली की गुणक इतका का बदलतो?

चुलीत पालापाचोळा टाकला तर भडका उडतो आणि लगेच विझतो. बाभळीचा ओंडका मंद जळतो, पण रात्रभर धग देतो. पहिल्या पाच मिनिटांचा हिशेब केला तर पाचोळा जिंकणार, सकाळपर्यंतचा केला तर ओंडका.

मिथेन हा पाचोळा आहे. हवेत असेपर्यंत तो किलोमागे कार्बन डायऑक्साइडच्या शंभरपटीहून जास्त उष्णता अडवतो. पण वातावरणातील हायड्रॉक्सिल नावाचा अतिक्रियाशील घटक त्याला सतत झाडून काढत असतो, त्यामुळे मिथेनचे सरासरी आयुष्य भरते १२ वर्षांच्या आसपास. कार्बन डायऑक्साइडला असा झाडूवाला नाही. त्याचा काही भाग समुद्र आणि झाडे शोषतात, पण उरलेला मोठा वाटा शेकडो वर्षे, काही भाग तर हजार वर्षांनंतरही हवेतच राहतो.

हिशेबाची मुदत जितकी लांब, तितका मिथेनचा सुरुवातीचा भडका सरासरीत विरून जातो. ८० चे २७ होतात आणि २७ चे ७.

नायट्रस ऑक्साइडची गोष्ट वेगळी. शेतात नत्रखत टाकल्यावर जमिनीतील जिवाणू त्यातले थोडे नत्र या वायूच्या रूपात हवेत सोडतात. त्याचे आयुष्य सुमारे १०९ वर्षे. म्हणून त्याचा गुणक २० वर्षांसाठीही २७३ आणि १०० वर्षांसाठीही २७३. कालमर्यादेवरून चाललेल्या भांडणात त्याला काही फरक पडत नाही, आणि कदाचित म्हणूनच त्याच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. गाईवर मीम होतात, युरियाच्या गोणीवर होत नाहीत.

मग १०० वर्षे कोणी ठरवली?

१९९० मध्ये आयपीसीसीचा पहिला अहवाल आला, तेव्हा शास्त्रज्ञांनी २०, १०० आणि ५०० वर्षे असे तीन पर्याय चर्चेसाठी समोर ठेवले होते. यातील कोणत्याही आकड्याला विशेष वैज्ञानिक महत्त्व नाही, हेही तेव्हाच नमूद केले होते. पुढे १९९७ च्या क्योटो करारात मधला पर्याय उचलला गेला आणि तोच रुळला. पॅरिस कराराच्या अंमलबजावणीच्या नियमांतही १०० वर्षांचाच गुणक बंधनकारक आहे. देशांना सोबत इतर मोजमापे देण्याची मुभा आहे, पण मुख्य बेरीज १०० वर्षांनीच करावी लागते. आयपीसीसीच्या पाचव्या अहवालाने पुन्हा स्पष्ट केले की, १०० वर्षेच निवडावीत असा कोणताही वैज्ञानिक आधार नाही. म्हणजे मुदत किती धरायची हा मूल्यांचा प्रश्न आहे : येत्या दोन दशकांतील उष्णतेच्या लाटांची चिंता जास्त, की नातवंडा-पतवंडांच्या काळातील समुद्रपातळीची?

हा गुणक स्वतःही स्थिर राहिलेला नाही. मिथेनचा १०० वर्षांचा आकडा १९९० मध्ये २१ होता, २००१ च्या अहवालात २३, २००७ मध्ये २५, २०१३ मध्ये २८ आणि आता सरासरी २७.९. यामागे विज्ञानातील सुधारणा आहे. मिथेनमुळे तयार होणारा ओझोन, वरच्या वातावरणात वाढणारी वाफ असे अप्रत्यक्ष परिणाम हळूहळू नीट मोजले गेले. पण परिणाम असा की, जुन्या आणि नव्या अहवालांतील एकाच देशाचे ‘कार्बन समतुल्य’ आकडे शेजारी ठेवताना आधी गुणक कोणता वापरला ते पाहावे लागते. सोशल मीडियावर फिरणाऱ्या बहुतेक तुलनांमध्ये हे पाहिलेले नसते.

गाय आणि बाइक यांची तुलना खरी आहे का?

‘एक गाय म्हणजे इतक्या गाड्या’ असे रील अनेकांनी पाहिले असतील. गणित करून पाहता येते. एक लिटर पेट्रोल जाळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. गाईचे १.६ टन म्हणजे अंदाजे ६८० लिटर पेट्रोल. लिटरला ५० किलोमीटर देणारी बाइक त्यात ३४ हजार किलोमीटर धावेल. २० वर्षांचा गुणक लावला तर हीच बाइक लाख किलोमीटर पार करते.

गणित बरोबर आहे. पण त्यातून निघणारा अर्थ अर्धवट आहे.

पाण्याच्या दोन टाक्या डोळ्यांसमोर आणल्या तर तो कळतो. मिथेनच्या टाकीला तळाशी मोठे भोक आहे. नळ एकाच वेगाने सुरू राहिला तर काही वर्षांनी जितके येते तितके वाहून जाते आणि पातळी स्थिरावते. कार्बन डायऑक्साइडच्या टाकीचे भोक जवळजवळ बुजलेले आहे. तिथे नळ एकाच वेगाने सुरू ठेवला तरी पातळी वाढतच राहते. म्हणजे गावातील जनावरांची संख्या ४० वर्षे तेवढीच राहिली तर त्यांचा मिथेन नव्याने फारशी तापमानवाढ करत नाही, आधी झालेली वाढ फक्त टिकवून धरतो. बाइक मात्र दर किलोमीटरला कायमची भर घालते. उलट बाजूही आहे : जनावरे झपाट्याने वाढली तर मिथेनचा दणका जीडब्ल्यूपीच्या १०० वर्षांच्या आकड्यापेक्षा मोठा असतो आणि मिथेन कमी केला तर त्याचा गारवा दहा-वीस वर्षांतच जाणवतो. पेट्रोल कमी जाळल्याचा असा लगेचचा फायदा मिळत नाही.

ऑक्सफर्ड विद्यापीठातील मायल्स ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा फरक पकडण्यासाठी ‘जीडब्ल्यूपी स्टार’ ही पद्धत मांडली. तिच्यात उत्सर्जन किती आहे यापेक्षा ते वाढते आहे की घटते आहे, याला महत्त्व दिले जाते. भौतिकशास्त्र म्हणून ती तापमानाचा अंदाज अधिक अचूक देते. मात्र तिचा वापर धोरणात करायला गेले की एक खोच दिसते. ज्या देशाचे कळप आधीपासून मोठे आहेत, त्याने थोडी घट केली तरी तो ‘हवा थंड करणारा’ ठरतो आणि ज्या गरीब देशात आता कुठे घरोघरी दुसरी गाय येते आहे, तो गुन्हेगार दिसतो. मोठ्या मांस आणि दूध उत्पादक देशांतील उद्योगांना ही पद्धत का आवडते, हे सांगायला नको.

युरियाच्या गोणीत किती दडले आहे?

४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के नत्र, म्हणजे २०.७ किलो. आयपीसीसीच्या ढोबळ नियमानुसार त्यातील सुमारे एक टक्का नत्र थेट शेतातून नायट्रस ऑक्साइड होऊन उडते. वजनाचे गुणोत्तर लावले की हा वायू भरतो साधारण ३२५ ग्रॅम. एका पाण्याच्या पेल्याहून थोडे जास्त वजन. त्याला २७३ ने गुणले की होतात ८९ किलो कार्बन समतुल्य. म्हणजे गोणीच्या स्वतःच्या वजनाच्या दुप्पट. यात कारखान्यात युरिया बनवताना जळालेला नैसर्गिक वायू धरलेला नाही, की पाण्याबरोबर वाहून जाणारे नत्रही नाही.

अनुदानामुळे ही गोणी शेतकऱ्याला २७० रुपयांच्या आत मिळते. पीक हिरवेगार दिसावे म्हणून शिफारशीपेक्षा एखादी गोणी जास्त पडते, ही उसापासून कांद्यापर्यंत सर्वत्र दिसणारी गोष्ट आहे. ते जादा नत्र पिकाला मिळत नाही, विहिरीत आणि हवेत जाते. २०१५ पासून देशात युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा झाला, त्यामागे अनुदानित युरिया कारखान्यांकडे वळू नये हा हेतू होताच, पण लेपामुळे नत्र हळूहळू सुटते आणि वायूरूपातली गळती काही प्रमाणात कमी होते.

२०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक नायट्रस ऑक्साइड ताळेबंदानुसार १९८० ते २०२० या काळात मानवी कृतींतून होणारे या वायूचे उत्सर्जन ४० टक्क्यांनी वाढले आणि त्यात अलीकडच्या दशकातील सुमारे तीन चतुर्थांश वाटा शेतीचा आहे. इथे २० की १०० हा वाद घालून सुटका नाही. आज टाकलेल्या गोणीचा हिशेब पणतूच्या काळातही चालू असेल.

भातखाचर कोरडे केले तर?

भाताच्या खाचरात पाणी साचले की जमिनीतला प्राणवायू संपतो आणि मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव कामाला लागतात. दक्षिण आशियासाठी आयपीसीसीचा सरासरी आकडा आहे हेक्टरी रोज ०.८५ किलो. ११२ दिवसांचा हंगाम आणि सतत तुंबलेले पाणी धरले तर हेक्टरी ९५ किलो मिथेन. यावर उपाय म्हणून आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने (इरी) आलटून-पालटून भिजवण्याची पद्धत लोकप्रिय केली आहे. खाचरात भोके पाडलेला पाइप उभा रोवायचा, आतली पाण्याची पातळी जमिनीखाली १५ सेंटिमीटर गेली की पुन्हा पाणी द्यायचे. हंगामात असे अनेकदा केले की मिथेन जवळपास ४५ टक्क्यांनी घटतो.

पण खाचर सुकले की प्राणवायू आत जातो आणि नायट्रस ऑक्साइड वाढतो. एकाला दाबले की दुसरा वर येतो. फायदा की तोटा? अशा वेळी जीडब्ल्यूपी खरोखर कामाला येतो. वरच्या उदाहरणात हेक्टरी सुमारे ४३ किलो मिथेन वाचतो, म्हणजे १०० वर्षांच्या हिशेबाने ११५० किलोंहून अधिक कार्बन समतुल्य. हेक्टरी १२० किलो नत्र दिले असेल तर आयपीसीसीच्या गुणकांनुसार नायट्रस ऑक्साइडमधील वाढ सुमारे १०० किलो समतुल्य. निव्वळ बचत हजार किलोंच्या वर. ५०० वर्षांचा हिशेब केला तरी बचतच दिसते, फक्त ती आक्रसून २६० किलोंच्या आसपास येते. कोणतीही मुदत घ्या, उत्तराची दिशा बदलत नाही. नत्राचा मारा दुप्पट-तिप्पट असेल तर मात्र ही बचत पोखरली जाते.

अर्थात हे बोअरवेल किंवा कालव्याच्या पाण्यावरच्या भाताला लागू. कोकणातील खाचरात आषाढात पाणी कधी काढायचे आणि कधी ठेवायचे, हे शेतकरी नाही, पाऊस ठरवतो.

भारत या आकड्यांवरून कधी भांडला?

१९९१ मध्ये. वॉशिंग्टनमधील ‘वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट’ने १९९०-९१ च्या अहवालात भारताला सर्वाधिक हरितगृह वायू सोडणाऱ्या पहिल्या पाच देशांत बसवले होते. दिल्लीतील ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’चे अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी ‘ग्लोबल वॉर्मिंग इन ॲन अनइक्वल वर्ल्ड’ या पुस्तिकेतून त्याला उत्तर दिले. त्यांचा आक्षेप थेट होता : अमेरिकेतील मोटारीचा धूर आणि बंगालमधील शेतकऱ्याच्या भाताचा मिथेन एकाच तराजूत घालणे अन्यायाचे आहे. एक चैनीचे उत्सर्जन, दुसरे जगण्याचे. हवामान वाटाघाटींमध्ये आजही भारताचे प्रतिनिधी ही भाषा वापरतात, तिचे मूळ या वादात आहे.

त्याच वर्षी दुसरी लढाई मोजमापाची झाली. अमेरिकेच्या पर्यावरण यंत्रणेचा अंदाज होता की, भारतातील भातशेतीतून वर्षाला ३.७ कोटी टनांहून अधिक मिथेन निघतो. हा अंदाज परदेशातील शेतांवरच्या मोजमापांवरून काढलेला होता. राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे शास्त्रज्ञ ए. पी. मित्रा यांच्या नेतृत्वाखाली देशभरातील खाचरांत प्रत्यक्ष मोजणी झाली. उत्तर आले सुमारे ४० लाख टन. म्हणजे जवळपास नऊ पटींची चूक. आपल्याकडचा बराचसा भात पावसावर आहे, खाचर अधूनमधून सुकते, ही साधी गोष्ट त्या अंदाजात नव्हती. जीडब्ल्यूपीने गुणण्याआधी मुळातला आकडाच चुकला असेल, तर गुणक कितीही अचूक असून उपयोग काय?

२०२१ मध्ये ग्लासगो परिषदेत जागतिक मिथेन संकल्प जाहीर झाला. २०२० च्या तुलनेत २०३० पर्यंत मिथेन ३० टक्क्यांनी घटवायचा. शंभरहून अधिक देश त्यात सामील झाले, भारत नाही. आपला मिथेन मुख्यतः जनावरे आणि भातातून येतो, दोन्ही छोट्या शेतकऱ्याच्या पोटाशी निगडित आहेत, शिवाय लक्ष दीर्घायुषी कार्बन डायऑक्साइडवरून हटता कामा नये, अशी सरकारची भूमिका आहे.

भूमिकेत तथ्य आहे आणि सोयही आहे. भारताने डिसेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या अहवालानुसार २०२० मध्ये देशाचे एकूण उत्सर्जन (वने आणि जमीन वापर वगळून) २९५.९ कोटी टन कार्बन समतुल्य होते. त्यात शेतीचा वाटा १३.७२ टक्के, तर वायूंप्रमाणे पाहिल्यास मिथेनचा १३.३२ टक्के. हाच हिशेब २० वर्षांच्या गुणकाने केला तर मिथेनचा वाटा एक तृतीयांशाच्या घरात जातो. मग कोळशाच्या बरोबरीने गोठाही चर्चेच्या मध्यभागी येतो. कोणत्याही सरकारला ते परवडणारे नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात १९.२५ कोटी गोवंश आणि १०.९८ कोटी म्हशी होत्या.

गाय मोजायची की दुधाचा लिटर?

इथे आणखी एक पेच आहे. आयपीसीसीच्या त्याच कोष्टकात उत्तर अमेरिकेतील दुभत्या गाईचा आकडा वर्षाला १२८ किलो मिथेन आहे, आपल्या गाईच्या दुपटीहून जास्त. पण ती गाय वर्षाला ८४०० किलो दूध देते आणि उपखंडातील सरासरी गाय ९०० किलो. किलोभर दुधामागे हिशेब केला तर अमेरिकी गाय १५ ग्रॅम मिथेन सोडते, आपली ६४ ग्रॅम. डोक्यामागे मोजले तर आपली गाय गुणी, लिटरमागे मोजले तर चौपट दोषी.

दोन्ही मापांत काहीतरी निसटते. खिलार बैल दूध देत नाही पण नांगर ओढतो. डांगी गाय सह्याद्रीच्या धुवाधार पावसात जगते. शेण शेतात जाते. लिटरच्या मापात या कशाचीही नोंद नाही. आणि डोक्यामागच्या मापात हे लपते की, भाकड आणि अर्धपोटी जनावरांचा मोठा कळप पोसणे शेतकऱ्यालाही तोट्याचे आहे. जनावर जे खाते त्यातील सुमारे साडेसहा टक्के ऊर्जा मिथेन होऊन तोंडावाटे निघून जाते. विकत घेतलेल्या वैरणीचा आणि पेंडीचा तो सरळ तोटा आहे. (हो, तोंडावाटेच. बहुतांश मिथेन ढेकर आणि श्वासातून येतो, विनोदांत सांगतात तसा मागून नाही.)

बाहेरच्या देशांत काय चालले आहे?

डेन्मार्कने २०२४ मध्ये जगातील पहिला पशुधन उत्सर्जन कर मान्य केला. २०३० पासून टनामागे ३०० क्रोनर आणि २०३५ मध्ये ७५० क्रोनर, मात्र ६० टक्के वजावटीमुळे प्रत्यक्ष बोजा १२० आणि ३०० क्रोनर. हा ‘टन’ कार्बन समतुल्य टन आहे, म्हणजे गुणक बदलला की बिल बदलते. २० वर्षांचा गुणक लावला असता तर मिथेनवरचा कर जवळपास तिप्पट झाला असता.

न्यूझीलंडने २०१९ च्या कायद्यात वेगळी वाट धरली. जैविक मिथेनसाठी स्वतंत्र लक्ष्य ठेवले, ते कार्बन डायऑक्साइडच्या शून्य लक्ष्यात मिसळले नाही. २०१७ च्या तुलनेत २०५० पर्यंत २४ ते ४७ टक्के घट असे ते लक्ष्य होते. २०२५ मध्ये तिथल्या सरकारने ते १४ ते २४ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय जाहीर केला. वायू वेगळे ठेवल्याने हिशेब स्वच्छ झाला, पण लक्ष्य ढिले करणेही सोपे झाले. उलट अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या २०१९ च्या हवामान कायद्यात २० वर्षांचा गुणक आहे, त्यामुळे तिथे नैसर्गिक वायूच्या गळतीचा आकडा मोठा दिसतो. २०२३ मध्ये तो बदलून १०० वर्षे करण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा पर्यावरणवाद्यांनी विरोध केला. एका गुणकासाठी विधिमंडळात रस्सीखेच होते, यावरून त्याचे वजन कळावे.

निसर्ग सोडतो त्याचे काय?

पाणथळ जागा हा मिथेनचा सर्वात मोठा नैसर्गिक स्रोत आहे. वाळवीही मिथेन सोडते, पण तिचा वाटा अगदी किरकोळ. एकूण मिथेनपैकी साधारण ६० टक्के किंवा त्याहून थोडा जास्त मानवी कृतींतून येतो आणि मानवी वाट्यात संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२१ च्या आढाव्यानुसार शेतीचा हिस्सा ४० टक्के आहे, त्यातही ३२ टक्के एकट्या जनावरांचा.

दलदलीतून आलेला मिथेन आणि गोठ्यातून आलेला मिथेन हवेत गेल्यावर एकसारखेच वागतात, दोघांचा जीडब्ल्यूपीही एकच. पण देशांच्या हिशेबात दलदल धरली जात नाही. ‘निसर्गच इतका सोडतो, मग शेतकऱ्याला कशाला बोल’ हा युक्तिवाद इथे फसतो. औद्योगिक क्रांतीपूर्वीही दलदली होत्या, तेव्हा हवेतील मिथेन अब्जात सुमारे ७३० भाग होता. आता तो १९०० च्या वर आहे. भोक असलेल्या टाकीची पातळी अडीच पटींहून वर गेली, ती नळ वाढल्यामुळे.

चिंतेची बाब वेगळीच आहे. २०२० नंतरच्या दोन-तीन वर्षांत हवेतील मिथेन विक्रमी वेगाने वाढला. सूक्ष्मजीव हलका कार्बन पसंत करतात, त्यामुळे हवेतील मिथेनची कार्बन-ठसा चाचणी स्रोताकडे बोट दाखवते. ती सूक्ष्मजीवांकडे दाखवत होती आणि संशयाची सुई उष्ण कटिबंधातील भरून वाहणाऱ्या पाणथळ जागांकडे वळली. शिवाय टाळेबंदीत गाड्यांचा धूर घटल्याने हायड्रॉक्सिलचा झाडूही काही काळ मंदावला. हवा तापली की दलदली जास्त मिथेन सोडतात, आणि या वाढीव मिथेनचे बिल कोणत्याच देशाच्या नावावर फाडता येत नाही.

गोठ्यात आज काय करता येते?

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने संतुलित आहाराचा कार्यक्रम राबवला. स्थानिक वैरण, पेंड आणि खनिज मिश्रण यांचे प्रमाण जनावरागणिक ठरवून दिले की खर्च घटतो, दूध थोडे वाढते आणि मिथेन १० ते १५ टक्क्यांनी कमी होतो, असे त्यात दिसले. बेंगळूरुतील राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने टॅनिनयुक्त वनस्पतींपासून ‘हरित धारा’ हे पूरक खाद्य तयार केले आहे, त्याने १७ ते २० टक्के घट मिळते असे संस्थेचे म्हणणे आहे. परदेशात ‘थ्री-एनओपी’ हे रसायन खाद्यात मिसळून सुमारे ३० टक्के घट नोंदवली गेली आहे, पण ते रोज चाऱ्यात मिसळून द्यावे लागते. दिवसभर माळावर चरणाऱ्या जनावराला ते कसे द्यायचे, हा प्रश्न उरतोच.

एका गाईमागे १५ टक्के म्हणजे वर्षाला ८.७ किलो मिथेन. कार्बन क्रेडिट म्हणून विकायचे झाल्यास १०० वर्षांच्या गुणकाने ते २३५ किलो भरतात, २० वर्षांच्या गुणकाने ६९० किलो. बाजारात सध्या पहिलाच आकडा चालतो. म्हणजे एक टन क्रेडिट जमवायला चार-पाच गाई लागतात, आणि त्यांची नोंद, तपासणी, पडताळणी यांचा खर्च त्यातूनच भागवावा लागतो. दोन गाईंच्या गोठ्यापर्यंत त्यातले किती पोहोचेल, याचा अंदाज या गणितावरूनच येतो. त्या शेतकऱ्याला संतुलित आहार पटतो तो पेंडीचे पैसे वाचतात म्हणून.